माहूरगडाच्या बाहेरून, आक्काबरोबर

माहूरला जाऊन आलो म्हटलं की लातुरात पहिला प्रश्न येतो, "दर्शन नीट झालं का?" दुसरा येतो, "तांबूल आणला का?" गड पाहिला का, असं मला अजून कुणी विचारलेलं नाही, आणि विचारलं तर माझी पंचाईतच आहे. बत्तीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला. फळ्यावर तट, बुरूज, खंदक काढून पोरांना पाठ करायला लावले. आणि निवृत्तीनंतर दोन दिवस माहूरला राहून गडाच्या आत गेलो ते जेमतेम वीस पावलं. बाकीचा गड मी बाहेरून पाहिला, तटाला हात लावत, चारी बाजूंनी.

तरी सांगतो, ज्यांनी माहूर पाहिलेलं नाही त्यांनी जरूर जावं आणि गडाला बाहेरून फेरी मारावी. वाट सोपी आहे. माझा डावा गुडघा बाद आहे आणि आक्का अडुसष्टची आहे, तरी आम्ही दोघं धडधाकट परत आलो. मात्र फेरी मारायचं आम्ही ठरवून गेलो नव्हतो. माझा बेत अगदी उलटा होता.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. किल्लारीला दिलेली. तिचा एकुलता एक मुलगा सतीश लातुरात क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. यंदा त्यानं चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि वास्तुशांतीची तारीख काढली. तारीख कळल्यावर आक्कानं जाहीर केलं, "मी येते. पण खाली बसते. वर तुमी करा काय करायचं ते."

सतीश माझ्याकडे आला. रडवेला झाला होता. "मामा, आई वर नसली तर कसली वास्तुशांत? बायको म्हणती, त्यांना आपलं घरच पसंत नाही. तुम्हीच काहीतरी करा."

आता हे का, ते सांगायला हवं. त्र्याण्णव साली गणपती बुडवून गाव झोपलं आणि पहाटे भूकंप झाला. आक्काचं घर तेव्हाच्या सगळ्यांच्या घरासारखंच होतं, दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद. त्या रात्री तिची म्हैस व्यायला झाली होती म्हणून आक्का एकटीच अंगणात गोठ्यापुढं होती. भाऊजी आणि चार वर्षांचा सतीश ढिगाऱ्यातून जिवंत निघाले. सासूबाई निघाल्या नाहीत. एवढं आम्हाला माहीत होतं, आणि एवढं माहीत असणं पुरे आहे असं आम्ही धरून चाललो होतो.

तेव्हापासून आक्का कुठल्या मोठ्या इमारतीत शिरत नाही. नव्या गावठाणातल्या तिच्या घरावर माळा नाही, तरी ती ओसरीवर झोपते. लग्नात ती मंगल कार्यालयाच्या दाराबाहेर चपलांच्या ढिगाशेजारी बसते. आमच्या नातलगांत म्हणच पडली आहे, आक्का आली की चपलांची काळजी नाही. माझं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा ती आठ दिवस दवाखान्याच्या पायरीवर बसून होती, वॉर्डात पाऊल टाकलं नाही. मी बरा होऊन खाली आलो तर म्हणाली, "आलास? बरं झालं," आणि पिशवी उचलून किल्लारीची बस धरली. आक्काला दगडाची धास्ती बसली आहे, असं आम्ही सगळे म्हणायचो. मी जरा जास्तच म्हणायचो, कारण मास्तर.

माझा बेत असा होता. माहूरगड शेकडो वर्षं उभा आहे. गोंड राजे झाले, बहामनी झाले, मोगल झाले, गड जागेवर आहे. अशा दगडाखालून आक्काला एकदा हाताला धरून न्यायचं. एकदा ती त्या दरवाज्याखालून गेली की चौथा मजला म्हणजे किस झाड की पत्ती! तिला मात्र मी एवढंच सांगितलं की देवीला जाऊ.

धपाटे आणि कापूस

दिवाळी आटोपून पंधरवडा झाला होता. आक्कानं वाटेसाठी धपाटे घेतले होते, इतके की आम्ही दोघं नव्हे, अर्धी एसटी जेवली असती. आणि जेवलीच. नांदेडला बस बदलल्यावर शेजारच्या बाकावरच्या बाईला तिनं दोन दिले, त्या बाईनं तिच्या मागच्याला एक दिला, आणि हदगाव यायच्या आत कंडक्टर आमच्याकडं "ठेचा हाय का?" विचारत आला.

आमच्याकडं या दिवसांत सोयाबीन निघून रानं मोकळी पडलेली असतात. इकडं नांदेडच्या पुढं गेलं की कापूस सुरू होतो, आणि बायका कमरेला ओटे बांधून वेचणीला लागलेल्या दिसतात. मग हळूहळू डोंगर जवळ येतात आणि सागाची झाडं रस्त्यावर येऊन उभी राहतात. आक्का खिडकीतून बघत होती. म्हणाली, "एवढं लाकूड! आन् घरं कशाची बांधतेत?" मी म्हणालो, "सिमेंटची." ती म्हणाली, "येडे हायेत."

भाषाही बदलते. आमच्याकडं विचारतात, "काय करलालाव?" इथं लॉजवाल्यानं विचारलं, "कुठून येऊन राहिले तुम्ही?" आक्काला ते फार गमतीचं वाटलं. रात्री भाकरी खाताना मला म्हणाली, "बाळू, मी आता जेवून राहिले." आणि स्वतःच हसली. खोली तिनं तळमजल्यावरची मागून घेतली होती, अंगणात दार उघडणारी. तिनं आपली खाट ओढून दारात लावली. मी आत झोपलो. तिच्या खाटेवरून उडी मारल्याशिवाय मला बाहेर जाता येईना, आणि पहाटे त्या नादात मी पाण्याचा तांब्या लवंडून तिची सतरंजी भिजवली. तिनं मला जे बोल लावले ते लातूरचेच होते.

देवीच्या पायऱ्या

सकाळी देवीला गेलो. पायऱ्या बऱ्याच आहेत, पण आक्का चढायला भीत नाही, तिच्या पायांत शेत आहे. मीच तीनदा बसलो. वर पोचल्यावर मात्र ती दाराशी थांबली. म्हणाली, "तू जाऊन ये. माझी ओटी तेवढी दे." मी म्हटलं, "आक्का, इथवर येऊन दर्शन नाही घ्यायचं?" ती म्हणाली, "मी दिसते तिला हितून." हात जोडून तिथंच उभी राहिली. येणारे-जाणारे तिला ढकलत होते आणि ती खांबासारखी उभी होती. मला तिचा राग आला आणि वाईटही वाटलं.

खाली उतरताना तांबुलाची दुकानं लागतात. माहूरच्या आईचा प्रसाद म्हणजे हा तांबूल. विड्याची पानं, सुपारी, कात, बडीशेप सगळं खलबत्त्यात कुटून त्याचा लाल गोळा करतात. कवळीवाल्यांची त्यामुळं चांगली सोय होते. एका दुकानात शेवंताबाई नावाची पन्नाशीची बाई कुटत बसली होती. आक्का तिच्याशेजारी टेकली आणि पाच मिनिटांत दुसरा बत्ता हातात घेऊन तीही कुटायला लागली. मी गोळा तोंडात टाकला आणि नव्या पांढऱ्या शर्टावर लाल ओघळ सोडला. तो डाग अजून आहे.

शेवंताबाईची शेरडं गडाच्या मागल्या अंगाला चरायला जातात. तिचा नवरा सकाळी सोडतो, दुपारी ती बघायला जाते. आम्ही गडावर निघालोय म्हटल्यावर म्हणाली, "थांबा जी, मी बी येऊन राहिली." दुकान सुनेवर टाकलं, फडक्यात भाकरी बांधली आणि निघाली.

हत्ती दरवाजा

गडाच्या या दरवाज्याला लोक हत्ती दरवाजा म्हणतात. उंच कमान, जाड चिरे, आत अंधारा बोळ आणि पलीकडं उजेडाचा तुकडा. मी खूश झालो. नेमका असाच दगड मला हवा होता. कमानीपुढं उभा राहून मी वर्गात सुरू करायचो तशी सुरुवात केली. चिरे कसे एकमेकांना धरतात, वरचा भार खाली कसा उतरतो, तोफा आल्या नि गेल्या तरी ही कमान तसूभर हलली नाही. शेवंताबाई तोंडाला पदर लावून ऐकत होती.

"बघ आक्का," मी शेवटी म्हणालो, "किती शतकं उभी आहे!"

आक्का वर बघत म्हणाली, "आमचं घर बी शंभर वर्सं उभं होतं की."

धडा असा उलटला की मास्तर चिडतो. मी म्हटलं, "बरं, मी जाऊन दाखवतो," आणि तरातरा आत गेलो. वीस पावलं मोजून बोळाच्या मध्यावर उभा राहिलो आणि ओरडलो, "हे बघ! झालं काय मला?" आवाज घुमला. वळून पाहिलं तर कमानीच्या तोंडाशी आक्का उभी. पदर कमरेला खोचलेला, बांगड्या कोपरापर्यंत सारलेल्या, चपला काढून बाजूला ठेवलेल्या. चेहऱ्यावर भीती नव्हती. शेतात कामाला लागण्याआधी बाई उभी राहते तशी ती उभी होती. मला त्याचा अर्थ लागला नाही. मी बाहेर आलो तशी तिनं बांगड्या खाली घेतल्या आणि चपला घातल्या.

मी एका दगडावर फुगून बसलो. दोनशे मैल आणलं, आता परत लॉजवर जाऊन धपाटे खायचे. शेवंताबाईनंच मधला मार्ग काढला. "आत नसंल जायाचं तं भाईरून चला ना जी. तटाच्या कडंनं वाट हाय. शेरडं जातेत, माणसाले काय होते?"

तटाच्या कडेनं

अशी ही फेरी सुरू झाली. वाट शेरडांचीच आहे, पण एका माणसाला पुरेल एवढी रुंद. एका हाताला तट, दुसऱ्या हाताला उतार आणि सागाचं रान. चढ फारसा नाही. दोन-तीन ठिकाणी पडलेल्या चिऱ्यांवरून पाय टाकावा लागतो, तिथं माझ्या गुडघ्यानं कुरकुर केली. पाणी बरोबर घ्यावं, वाटेत नाही. वानरं आहेत. त्यांनी माझी केळ्यांची पिशवी नेली. आक्का मला म्हणाली, "तू कशाला हलवत चालला होतास?" म्हणजे चूक वानराची नव्हतीच.

आतून फिरणाऱ्याला गडाच्या इमारती दिसतात. बाहेरून गेलं की गड कसा बांधला ते दिसतं. कुठं डोंगराचा मूळ कातळच तट होऊन वर आला आहे, कुठं नंतर कुणी घाईघाईनं डागडुजी केली आहे. मी हे सगळं बोलून दाखवत होतो. आक्काचं लक्ष सीताफळांत होतं. उतारावर रानसीताफळं पिकून फुटली होती. ती तोडून पदरात घेत होती आणि बिया उतारावर लांब थुंकत होती. या वयात तिचा नेम बघून मला आमचं लहानपण आठवलं. शाळेच्या वाटेवर ती माझ्या वाटणीची बोरं आधी चाखून बघायची, आंबट तेवढी मला द्यायची. मला ती फार आवडते, हे मी तिला आजवर सांगितलेलं नाही, आणि ती हे वाचणार नाही म्हणून इथं लिहितो.

अर्ध्या वाटेवर एक सपाट माळ लागतो. तिथं यात्रेकरूंनी दगडावर दगड रचून लहान लहान घरं केली आहेत. देवीच्या डोंगरावर असं घर रचलं की आपलं खरं घर होतं, अशी समजूत. शेकडो घरं होती. कुणाचं तीन दगडांचं, कुणाचं सात. आक्का खाली बसली आणि बघता बघता एकेका घराचे वरचे दगड काढून बाजूला ठेवायला लागली. खालचे दोन ठेवायची, वरचे उतरवायची. एक झालं, दोन झाली, दहा झाली. मी "आक्का, आक्का" करतोय, ती ऐकेना.

तेवढ्यात मागून एक जोडपं आलं. देगलूरचं होतं, कामाला हैदराबादेत, नवं लग्न झालेलं. त्यांनी तासाभरापूर्वी मोठ्या हौसेनं पाच दगडांचं घर रचलं होतं आणि फोटो काढायला परत आले होते. पाहतात तर घर बैठं झालेलं.

"आज्जी! आमचे मजले कुठं गेले?" तो मुलगा म्हणाला.

"दोन बास हायेत," आक्का म्हणाली.

"अहो, खाली दुकान काढायचंय, मधी आम्ही, वर भाडेकरू..."

"भाडेकरूला शेजारी बांध की. जागा हाय. वर कशाला?"

मुलगी बिचारी रडायच्या बेतात आली. शकुन मोडला म्हणाली. मी माफी मागायला लागलो. आक्का तिच्याकडं वळून अगदी समजुतीच्या सुरात म्हणाली, "बाई, ह्यो खालचा दगड उचल." मुलीनं उचलला. "उचलला का? एकटीला उचलला ना? मग बरोबर हाय. जेवढं एकटीला उचलतंय, तेवढंच ठेवावं." मुलीला काही कळलं नाही. मलाही नाही. शेवंताबाई मात्र आक्काकडं टक लावून बघत राहिली. मग तिनंच त्या जोडप्याला बाजूला नेलं आणि शेजारी शेजारी दोन दोन दगडांची तीन घरं मांडून दिली, एक दुकानाचं, एक त्यांचं, एक भाडेकरूचं. मुलगा म्हणाला, "एवढा प्लॉट हैदराबादेत कोण देतंय!" पण हसला. फोटो काढून गेले.

पुढं तटाच्या सावलीत आम्ही जेवायला बसलो. शेवंताबाईच्या फडक्यात ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी होती. आक्का भाजीत कण्या टाकते, हिनं तुरीची डाळ टाकली होती. दोघींनी एकमेकींची चूक काढली आणि दोघींनी दुसरीचीच जास्त खाल्ली. खाली रानात शेरडं दिसत होती. जेवण झाल्यावर शेवंताबाईनं हात पुसले आणि सरळ विचारलं,

"माय, तुमी आत काहून नाही जाऊन राहिल्या? मंदिरात बी नाही गेल्या. भेव लागते?"

मी सवयीनं तोंड उघडलं. "ते काय आहे, त्र्याण्णव साली..."

"तुमी थांबा जी," ती म्हणाली. "त्यायले विचारलं."

आक्का सीताफळाची बी हातात फिरवत होती. "भ्याव कशाचं?" ती म्हणाली. "मरायचं? छ्या! आता किती राहिलंय."

"मंग?"

"भाईर कुणीतरी पायजे की." तिनं हे अगदी साधं सांगितलं, चूल पेटवायला काडी पायजे म्हणावं तसं. "सगळीच आत बसली तर उकरील कोण? त्या दिशी मी भाईर होते म्हणून सतीशला काढलं. मग त्याच्या बापाला काढलं. सासू राहिली. मला हाक मारीत होती, सुमन, सुमन. दिवस उगवंस्तोवर आवाज येत होता. येका बाजूनं दगुड काढला की दुसऱ्या बाजूनं येत होता. गावात ज्येच्या त्येच्या घरचं माणूस खाली. कुणाला हाक मारू? दोन हात. आनखी दोन असते तर झालं असतं. मग आवाज थांबला." तिनं हातातली बी उतारावर टाकली. "म्हणून मी आत जात न्हाई. ह्ये समदे आत असले की मी भाईर असावं. ह्येचं पोट कापलं तवा बी मी खालीच होते."

शेवंताबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

माझी स्थिती काय सांगू! तीस वर्षं. तीस वर्षं मी या बाईला भित्री म्हणत आलो. चपलांची राखणदार म्हणून जेवणाच्या पंगतीत हशा मिळवला. सतीशच्या लग्नात आत सनई वाजत होती आणि ही बाहेर चपलांशेजारी बसून आम्हा दोनशे माणसांवर पहारा देत होती. आठ दिवस दवाखान्याच्या पायरीवर ती माझ्यासाठी जागत होती. आम्ही घरातल्या एकानंही तिला कधी विचारलं नव्हतं की आक्का, तू बाहेर का बसतेस? आम्हीच एकमेकांना सांगत होतो. आणि सकाळी ओळख झालेल्या बाईनं भाकरी खाऊन झाल्यावर विचारलं, आणि तिनं सांगितलं. मला रडू आलं. आक्कानं पदराचं टोक पुढं केलं, सीताफळानं चिकट झालेलं.

पुन्हा दरवाजा

उरलेली वाट आम्ही चाललो. तट संपत संपत वळला आणि ऊन कलायच्या सुमारास आम्ही पुन्हा हत्ती दरवाज्यापाशी आलो. आम्हाला सगळे मिळून तीन तास लागले. तरण्या माणसाला दीड पुरेल.

कमानीपुढं मी थांबलो. म्हणालो, "आक्का, मी बाहेर थांबतो. तू जा."

"आं?"

"तू आत जाऊन बघून ये. मी इथं आहे."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग माझे हात हातात घेतले, उलटे करून पाहिले. "खडूचे हात," ती म्हणाली. "उकरशील?"

"उकरीन."

"दमशील."

"मी बी हाओ ना," शेवंताबाई म्हणाली आणि माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. "चार हात झाले, माय. जा तुमी."

आक्का एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं सकाळसारख्याच चपला काढल्या, कमानीला हात लावून कपाळाला लावला आणि आत गेली.

मी बाह्या सारल्या. खरंच सारल्या, हसू नका. आणि आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या कमानीकडं इतिहास सोडून पाहिलं. कुठला चिरा आधी येईल, कुठला सैल आहे, पहिला हात कुठं घालायचा, हे बघत होतो. सकाळी मी ज्या कमानीवर व्याख्यान दिलं ती हीच होती आणि आता तिच्या प्रत्येक फटीचं मला भय वाटत होतं.

आतून आवाज आला, "बाळू, हाईस का?"

"आहे!"

थोड्या वेळानं पुन्हा, "हाईस का रं?"

"आहे, आहे!"

अंधारात तिचं फिकट लुगडं पुढं जाताना दिसत होतं. मग पलीकडच्या उजेडात गेलं आणि दिसेनासं झालं. आवाजही थांबला. मी हाक मारली, "आक्का!" उत्तर नाही. पुन्हा मारली. पाय आपोआप पुढं निघाले, आत पळत जाऊन बघावं म्हणून. शेवंताबाईनं माझा दंड धरला. "तुमी भाईरच थांबा जी," ती म्हणाली, "तुमी थांबतो म्हणले ना." मी थांबलो. किती वेळ गेला सांगता येत नाही. पंधरा मिनिटं असतील. आक्का यात तीस वर्षं राहिली होती.

मग बोळात चपलेविना पावलांचा आवाज आला आणि ती बाहेर आली, पदरानं तोंड पुसत.

"ओ का दिली नाहीस?" मी तिच्यावर ओरडलोच.

"आत तळं हाय," ती म्हणाली. "लई पाणी. बघत बसले जरा." चपला घातल्या. दोन पावलं चालली आणि थांबली. "सतीशला फोन लाव. म्हणावं, मी वर येते वास्तुशांतीला. पूजा हुईस्तोवर बसते."

मी खिशातून फोन काढला.

"तू खाली थांबायचं पण," ती म्हणाली. "गाड्या लावतेत तिथं. भाईरच्या अंगाला."

"थांबतो."

"कुणी वर बोलवलं तर यायचं न्हाई."

"नाही येणार."

"जेवायला बी न्हाई. ताट पाठवीन."

"बरं."

येत्या गुरुवारी वास्तुशांत आहे. सतीशनं आग्रहानं सगळ्यांना बोलावलंय, लातुरात असाल तर तुम्हीही या. लिफ्टनं सरळ चौथ्या मजल्यावर जा, तिथं आक्का भेटेल. मी खाली पार्किंगच्या बाहेर खुर्ची टाकून बसलेला असेन. तिथं माझ्याशी बोलायला थांबलात तर माझं लक्ष अधूनमधून वर जाईल, तेवढं समजून घ्या.